खान्देशच्या उन्हात घरची मिरची: कधी लावायची, कशी टिकवायची

मार्च संपत आला की दरवर्षी तीच तक्रार कानावर येते. झाड हिरवंगार आहे, फुलं पण भरपूर येताय, पण मिरची एक लागत नाही, सकाळी बघावं तर फुलांचा सडा कुंडीखाली. मग कोणी यूट्यूब बघून केळीच्या सालीचं पाणी टाकतं, कोणी शेतातून मूठभर डीएपी खत आणून टाकतं, कोणी दिवसातून तीनदा पाणी घालतं आणि जे झाड जून पाहिलं असतं ते मे मधेच पिवळं पडून जातं.

झाडाला काही रोग नसतो हो. दिवसाचा पारा 35-36 च्या वर गेला आणि रात्र पण गरमच राहिली की मिरचीच्या फुलात परागकण नीट तयार होत नाही, फळ धरत नाही, देठाच्या सांध्यावर पिवळी रेघ येते आणि फूल टपकन गळतं. आता आपल्याकडे जळगाव-भुसावळला एप्रिल-मे मधे पारा 44-45 ला जाऊन बसतो, धुळ्यातही फार वेगळं नाही, तर त्या दोन महिन्यात मिरची मागणं म्हणजे उगाच झाडाला छळणं. मिरचीला गरमी आवडते हे खरं आहे पण 20 ते 30 अंशातली, भट्टी नाही. त्यामुळे आपल्या भागात खत-औषधापेक्षा बी कोणत्या तारखेला टाकलं यावर जास्त अवलंबून असतं, मी तर म्हणेन निम्म्याच्या वर काम तिथेच होतं.

बी कधी टाकायचं

घरच्यासाठी दोन वेळा चांगल्या. पहिली, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की आठ-पंधरा दिवसात बी टाकायचं. रोप लावणीला यायला 35 ते 40 दिवस लागतात, म्हणजे जूनच्या शेवटी एकदोन पाऊस पडून हवा उतरली की रोप तयार. ऑगस्टच्या शेवटी पहिला तोडा आणि नीट राहिलं तर थेट फेब्रुवारीपर्यंत झाड चालतं. दुसरी वेळ लक्षात ठेवायला एकदम सोपी, गणपती बसले की बी टाकायचं आणि दसऱ्याला रोप लावायचं, मधे बरोबर पाच आठवड्याचं अंतर असतं. ह्या झाडाला हिवाळा भेटतो, कीड त्यामानाने कमी, पावसाने सडायची भीती नाही, आणि डिसेंबरात जेव्हा घरोघरी भरीत सुरू होतं तेव्हा तुमची मिरची तयार. पहिल्यांदाच लावताय तर ही दसऱ्याची वेळ धरा, पावसाळ्यातली मिरची नंतर शिका.

जानेवारीत बी टाकून उन्हाळी मिरची घेतात शेतकरी, पण त्यांच्याकडे ठिबक असतं, मल्चिंग म्हणजे मातीवर आच्छादन असतं, पूर्ण प्लॉट असतो. गच्चीवर चार कुंड्यांसाठी तो खटाटोप करू नका. शिवाय आपल्याकडे जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास येतो तेव्हा बी उगवायलाच तीन आठवडे घेतं. 25-30 अंशात तेच बी आठ ते बारा दिवसात वर येतं.

मे मधे बी टाकताना ट्रे उन्हात ठेवायचा नाही, ओट्यावर किंवा पायरीखाली सावलीत, जिथे माती तापणार नाही तिथे. वर ओलं गोणपाट टाकून ठेवा आणि पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी गोणपाट काढा, एक दिवस जरी उशीर झाला तरी रोपं लांबट पिवळी होतात. नंतर सकाळचं दोन-तीन तास ऊन पुरे. बी अर्धा सेंटीमीटरच्या खाली गाडू नका. आणि पाणी वरून धारेने नको, ट्रे खाली पाण्यात ठेवून ओढू द्या, कारण ओल्या मातीत रोपाची मान जमिनीजवळ कुजून ते आडवं पडतं, त्याला मर म्हणतात, एकदा सुरू झाली की अख्खा ट्रे दोन दिवसात जातो. ही मर रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची, ट्रायकोडर्माची पावडर कृषी केंद्रात भेटते, चमचाभर मातीत आधीच मिसळून ठेवा.

कोणती मिरची

घरच्या वापराला, खुड्याला म्हणजे ठेच्याला, भरीताला लवंगी सारखी दुसरी नाही. बारीक, झोंबरी, आणि आपल्या उन्हात सगळ्यात चिवट पण तीच. रोजच्या फोडणीला पुसा ज्वाला लावा, ही दिल्लीच्या पुसा संस्थेची जुनी जात, फिकट हिरवी, लांब, सुरकुतलेली आणि जरा वाकडी असते. राहुरी विद्यापीठाची फुले ज्योती पण बघा, तिला मिरच्या झुपक्याने लागतात, झाड दिसायला पण छान. ह्या दोन्ही सरळ जाती आहेत म्हणजे ह्यांचं बी पुढच्या वर्षी धरता येतं. संकरित बियाणाचं पाकीट घेतलं तर पहिल्या वर्षी माल जास्त येतो पण त्याचं बी धरून उपयोग नाही, पुढची झाडं वेगवेगळी निघतात.

भज्यांची जाड मिरची आणि ढोबळी ह्या दोघी नाजूक. लावायच्याच असतील तर फक्त दसऱ्याच्या हंगामात. ढोबळी तर होळीच्या आधी आटपून घ्या, मार्चच्या उन्हात फळाच्या सूर्याकडच्या बाजूला पांढरा कागदासारखा चट्टा पडतो आणि मग तिथून सडते.

बाजारातल्या वाळलेल्या लाल मिरचीचं बी टाकलं तर चालतं का, हा प्रश्न ठरलेला. उगवतं, पण ती कोणती जात, संकरित का सरळ, किती जुनी, काही कळत नाही, आणि बी दोन वर्षापेक्षा जुनं असेल तर उगवण फार कमी होते. वीस-तीस रुपयाच्या पाकिटासाठी चार महिने पणाला लावू नये असं माझं मत.

माती आणि कुंडी

आपली काळी माती कसदार खरीच पण कुंडीत ती एकटी भरली की घात करते. ओली असली की चिखल, वाळली की भेगा, आणि भेग पडली की पाणी कडेने सरळ खाली निघून जातं, मुळाला थेंब नाही. एक भाग काळी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड रेती नाहीतर कोकोपीट, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. शेणखत कुजलेलं म्हणजे हातात घेतल्यावर वास न येणारं, भुसभुशीत. ताजं शेण टाकलं तर मुळं जळतात आणि मुळं खाणारी हुमणी अळी सोबत फुकट येते.

चुलीची राख टाकायची आपल्याकडे जुनी सवय आहे. पानांवर थोडी भुरभुरली तर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, कमी होतो पण कुंडीच्या मातीत टाकू नका. आपल्या काळ्या मातीत चुना आधीच जास्त, बोअरचं पाणी पण जड, त्यात राख पडली की माती अजून खारट-चुनखडी होते आणि नवीन पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसायला लागतं. तो लोहाचा तुटवडा असतो. लोह मातीत असतं पण झाडाला घेता येत नाही. तसं दिसलं तर चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातल्या लोहाची फवारणी करा, पाकिटावर लिहिलंय तेवढीच. अंड्याची टरफलं पण अशा मातीत विरघळत नाहीत, पुढच्या वर्षी जशीच्या तशी सापडतात.

कुंडी 12 इंचाची तरी हवीच, त्यात एकच झाड. रंगाची 20 लिटरची रिकामी बादली एक नंबर, खाली बोटभर चार-पाच भोकं पाडा. तेलाचा पत्र्याचा डबा हिवाळ्यात चालतो पण मार्चनंतर पत्रा तापून मुळं शिजतात. काळ्या ग्रो बॅगचं पण तेच. बाहेरून चुन्याचा पांढरा हात मारा, आणि कुंडी स्लॅबवर थेट ठेवू नका, खाली दोन विटा द्या. मे मधे दुपारी दोनला गच्चीवर अनवाणी पाय ठेवून बघा म्हणजे विटा का सांगतोय ते कळेल.

अंगणात जमिनीत लावणार असाल तर वरंब्यावर लावा, सपाट नको, दोन ओळीत दोन फूट आणि दोन रोपात दीड फूट. मागच्या वर्षी जिथे वांगी, टमाटे किंवा बटाटे होते ती जागा सोडा, सगळी एकाच घरातली पिकं आहेत, रोग पण सामायिक.

लावणी संध्याकाळी करायची. रोप 12 ते 15 सेंटीमीटर, पाच-सहा पानांचं. आणि एक गोष्ट, तंबाखू मळणारी मंडळी आपल्याकडे कमी नाहीत, तर तंबाखू मळलेल्या हाताने रोपाला हात लावायचा नाही, आधी साबणाने हात धुवा. तंबाखूतला मोझॅक विषाणू हाताने मिरचीला लागतो, पानं चितकबरी होतात, त्यावर औषध नाही. लोकांना हसू येतं पण हे खरं आहे.

पाणी

इथे सगळ्यात जास्त झाडं मरतात, आणि तहानेने कमी, पाण्याने जास्त.

दुपारी दीड-दोन वाजता मिरचीची पानं मान टाकतात. शेजारच्या जिजी कठड्यावरून लगेच आवाज देतात, पानी टाक ना भो, मरी जाई ते! तर थांबायचं. उन्हात मुळं जेवढं पाणी वर ढकलतात त्यापेक्षा पानातून जास्त उडतं म्हणून झाड पानं खाली करून स्वतःला सांभाळतं. सूर्य मावळल्यावर परत बघा. पानं ताठ झाली तर पाणी पुरेसं आहे, काही करू नका. संध्याकाळी पण मान खालीच असेल तर बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर पाणी द्या, आणि ओलं लागलं तर मुळं कुजताय समजा, तिथे अजून पाणी म्हणजे शेवट.

पाणी सकाळी लवकर, भोकातून खाली थेंब येईपर्यंत, मग माती वरून वाळेपर्यंत नाही. हिवाळ्यात दोन-तीन दिवसांनी, मे मधे कुंडीला रोज, कधी दोनदा. नळ चार-चार दिवसांनी येतो त्यांनी ठिबकच्या नळीचा तुकडा आणि एक टाकी जोडून घ्यावी, जळगावकडे ठिबकचं सामान कुठल्याही दुकानात भेटतं, महाग नाही.

कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र कुंडीत ओतू नका. हे घरोघरी चालतं, पाणी वाया जाऊ नये म्हणून, भावना चांगली आहे. पण कूलरमधे पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, रोज भरताना त्यात भर पडत जाते. कूलरच्या जाळीवर पांढरा थर बघितलाय ना, तेच सगळं आपण मुळाला देतो. कुंडीच्या कडेला पांढरी पापडी आणि पानांच्या कडा जळालेल्या दिसल्या तर कारण तेच. आरओचं बाहेर फेकलेलं पाणी त्याच लाइनीतलं. ओटा धुवा त्याने.

आच्छादन हवंच. आपल्याकडे केळीची वाळलेली पानं रावेर-यावल बाजूला फुकट आहेत, ती फाडून दोन-तीन इंच जाड थर द्या, बुंध्याला चिकटवू नका. उसाचं पाचट पण चालेल. आणि आधाराला पऱ्हाटी! कपाशी उपटल्यावर ज्या काड्या बांधावर पडतात त्यातली सरळ बघून घ्या, मिरचीला तेवढीच उंची लागते. फक्त गुलाबी बोंडअळी असलेली जुनी बोंडं झाडून टाका आधी.

खताचं थोडक्यात सांगतो. दर पंधरा-वीस दिवसांनी दोन मुठी गांडूळखत, फुलं लागली की महिन्यातून एकदा भिजवलेल्या शेंगदाणा पेंडीचं पातळ पाणी. युरिया हातात पण घेऊ नका, झाड माजतं, पानंच पानं आणि मऊ लुसलुशीत, त्यावर मावा तुटून पडतो.

कोकडा आणि बाकीची मंडळी

पानं चुरगळली की सगळे म्हणतात कोकडा आला, आणि शेतातलं कपाशीचं औषध आणून मारतात. घरच्या मिरचीवर ते मारायचं नाही, आज फवारलं आणि उद्या मुलांनी तोडून खाल्लं असं होतं. आधी पान नीट बघा, कारण तीन वेगळ्या गोष्टींनी पान चुरगळतं आणि तिघांचा इलाज वेगळा.

पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून होडीसारखं झालंय, तर फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स. खात्री करायची तर पांढरा कागद खाली धरा आणि उमललेलं फूल त्यावर दोन टिचक्या मारून झटका. बारीक पिवळसर रेघा पडतात, एक मिलिमीटरच्या, बघता बघता चालायला लागतात. कागदावर पाच-सहा दिसले तर कामाला लागा. निळे चिकट सापळे लावा, थ्रिप्स निळ्याला येतात.

पान खालच्या बाजूला वळलंय, देठ लांब झालाय, मागची बाजू तांबूस चकचकीत, तर कोळी, म्हणजे माइट्स. डोळ्याला दिसत नाही. पाण्यात मिसळायचं गंधक यावर चालतं पण 35 अंशाच्या वर ऊन असताना मारलं तर पानं भाजतात, म्हणून हिवाळ्यात किंवा अगदी संध्याकाळी.

आणि शेंड्याची पानं बारीक, गुच्छ झालेली, झाड खुजं राहिलेलं, फूल नाही, हा विषाणूचा चुरडा-मुरडा. पांढरी माशी आणते, आणि आजूबाजूला सगळी कपाशीच म्हणजे पांढऱ्या माशीला तोटा नाही. ह्या झाडाला वाचवत बसू नका, उपटा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि टाका, नाहीतर शेजारच्या पाच कुंड्या जातील. पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे.

रोजच्या बचावाला निंबोळी अर्क. जून-जुलैत निंबोळ्या पिकून रस्त्यावर पडलेल्या असतात, धुऊन सावलीत वाळवून डबा भरून ठेवा. 50 ग्रॅम कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी फडक्याने गाळायचं, दोन थेंब भांडी घासायचा लिक्विड साबण, संध्याकाळी पानांच्या मागच्या बाजूने फवारायचं. आठ दिवसांनी परत. तयार नीम तेल असेल तर लिटरला 5 मिली. सुरुवातीपासून केलं तर काम करतं, अख्खं झाड गुंडाळल्यावर केलं तर नाही, हे स्पष्टच सांगतो. आणि पानावर लाल-काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा दिसला तर फवारा खाली ठेवा, तो मावा खातो.

तोडा आणि उन्हाळा काढणं

लावणीपासून साधारण दोन-अडीच महिन्यात पहिला तोडा. देठासकट, नखाने किंवा कात्रीने, ओढायची नाही, फांदी फार ठिसूळ असते. आठवड्याला तोडत राहा, झाडावर लाल होऊ दिल्या की नवीन फुलं कमी होतात. तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात त्यात असतो, म्हणून कमी तिखट हवी तर गाभा खरवडा. हात झोंबले तर पाण्याने काही होत नाही, आधी गोडं तेल चोळा मग साबण.

लाल करायची असेल तर शेवटच्या तोड्याला झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या. नंदुरबारला पथारीवर ओली लाल मिरची पसरलेली बघितली असेल, तसंच छोट्या प्रमाणात गच्चीवर जुन्या साडीवर, एक पदर जाडीने, रात्री झाकून, कारण दव पडलं की मिरची काळपट पडते. वाळली का हे हलवून कळतं, बिया खुळखुळल्या पाहिजे.

बी धरायचं तर चांगल्या झाडाची दोन-तीन फुलं उमलायच्या आधी मलमलच्या छोट्या पिशवीत बांधा. मिरचीचं फूल स्वतःचं स्वतः फळ धरतं पण मधमाश्या सरमिसळ करतात, शेजारी लवंगी आणि ढोबळी असेल तर पुढच्या वर्षीची ढोबळी तिखट निघू शकते. फळ धरलं की पिशवी काढून दोरा बांधून ठेवा, पूर्ण लाल झाल्यावर बी काढून सावलीत वाळवा.

आता उन्हाळा. मिरची वर्षाचं पीक मानतात पण झाड दोन-तीन वर्ष जगू शकतं. मार्चमधे उरलेली फळं काढून घ्या, शेंडे हलके खुडा, पण जोरात छाटणी करू नका, पानं गेली की उघडं खोड उन्हात भाजतं. कुंड्या पूर्वेला तोंड असलेल्या भिंतीला लागून एकत्र करा, म्हणजे दुपारी सावली, वर 50 टक्क्याची हिरवी शेडनेट. खत बंद. फुलं गळतील, गळू द्या. पहिला पाऊस पडला की मग एक फुटावर छाटा, वरची दोन इंच माती काढून नवीन शेणखत भरा, महिनाभरात नवीन फांद्या फुटतात आणि नवीन रोपाच्या आधी ह्या झाडाला मिरची लागते. ज्या झाडाची पानं मार्चमधेच गुंडाळलेली होती ते मात्र उन्हाळाभर सांभाळू नका.